पत्ता देणं वेगळं, पोचवणं वेगळं: ‘एए’वरचं संशोधन वाचताना

व्यसनमुक्तीवरच्या संशोधन प्रस्तावांत एक विधान हमखास भेटतं: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, इतर उपचारांपेक्षा प्रभावी असल्याचं सिद्ध झालं आहे. आधार म्हणून २०२० चा कॉक्रेन आढावा जोडलेला असतो. आढावा चांगलाच आहे, पण त्यातून हे विधान जसंच्या तसं निघत नाही. का, ते बघू.

‘एए’ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. तिथे फी नाही, उपचार करणारा डॉक्टर नाही. पिणं थांबवायची इच्छा, एवढीच अट. लोक मीटिंगला येतात, स्वतःचं सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात. आता तुम्ही संशोधक आहात असं समजा. मीटिंगला जाणारे आणि न जाणारे यांची सरळ तुलना केली, तर जाणारे बरे दिसण्याची शक्यता मुळातच जास्त. कारण ज्याची दारू सोडायची तयारी जास्त, तोच टिकून जातो. मग गुण मीटिंगचा की तयारीचा? याला स्वनिवडीचा दोष म्हणतात. परीक्षेत व्याख्या सगळ्यांना येते, पण पेपर वाचताना नेमकी विसरते.

२००६ च्या कॉक्रेन आढाव्यात ८ चाचण्या होत्या. ‘एए’ची परिणामकारकता निःसंदिग्धपणे दाखवणारा प्रयोग सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘पुरावा नाही’ याचं अनेकांनी ‘उपयोग नाही’ करून टाकलं. २०२० मध्ये केली, हम्फ्रीज आणि फेरी यांनी २७ अभ्यास, १०,५६५ माणसं तपासली. (यातल्या फेरी २००६ च्या आढाव्याच्याही लेखिका. पुरावा बदलला तसा निष्कर्ष बदलला. संशोधकाने असंच वागावं.) या वेळी चित्र वेगळं दिसलं: १२ महिन्यांनंतर दारूपासून पूर्ण दूर असलेले लोक ‘एए’शी जोडणाऱ्या गटात सुमारे ४२ टक्के, तर सीबीटीसारखे इतर उपचार घेणाऱ्यांत ३५ टक्के.

आता पेन्सिल घ्या. पहिली खूण: हा आकडा २७ नव्हे, दोन चाचण्यांवर उभा आहे. त्यांत १,९३६ माणसं होती. कमी नाहीत, पण ‘२७ अभ्यासांनी सिद्ध केलं’ असं लिहू नका. दुसरी खूण: ‘एए’च्या बाजूच्या गटातही शंभरातल्या ५८ जणांना हे साधलं नाही. तिसरी खूण: ही आघाडी पूर्ण मद्यमुक्तीपुरती आहे. पिण्याचं प्रमाण किंवा दारूमुळे होणारे त्रास बघितले, तर ‘एए’ इतर उपचारांच्या साधारण बरोबरीचं ठरतं.

चौथी खूण सर्वांत महत्त्वाची. चिठ्ठ्या टाकून लोकांना नेमकं काय दिलं? हा आकडा नुसत्या मीटिंगचा नाही. त्या गटाला ‘ट्वेल्व्ह स्टेप फॅसिलिटेशन’ मिळालं. म्हणजे प्रशिक्षित समुपदेशक ठरलेल्या पुस्तिकेनुसार माणसाला मीटिंगपर्यंत नेतो, गेला का विचारतो, काय अडलं ते ऐकतो. तपासली गेली ती मीटिंगकडे नेणारी वाट. आढाव्याचे लेखक हा फरक स्पष्ट लिहितात. तो गळतो आपल्या सारांशात.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते १९८१ च्या सिसन आणि मॅलम्स यांच्या छोट्या प्रयोगात दिसतं. २० माणसं, दोन गट. एका गटाला मीटिंगची माहिती दिली, वेळ-ठिकाण सांगितलं, जायला सुचवलं. दुसऱ्या गटात समुपदेशकाने समोर बसूनच एका सदस्याला फोन लावून दिला, आणि त्या सदस्याने सोबत येण्याची तयारी दाखवली. दुसऱ्या गटातले सगळे मीटिंगला पोचले, पहिल्यातला एकही नाही. नमुना लहान आहे, त्यावर इमला चढवू नका. पण प्रश्न मात्र उचला.

कारण आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोकदार आहे. आढाव्यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेला एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. मीटिंग तालुक्याच्या गावी, संध्याकाळी. परतीची एसटी मिळेल याची खात्री नाही. गावात कोणी बघितलं तर? आणि ती बाई असेल तर? तिच्या हातात नुसती पत्त्याची चिठ्ठी देऊन, ती गेली नाही की आपण ‘रुग्णाची इच्छाशक्ती कमी’ असं नोंदवतो. संशोधनाच्या नावाखाली हा दोष तिच्यावर ढकलणं मला मान्य नाही.

म्हणून प्रस्तावात ‘एए परिणामकारक आहे का?’ एवढंच विचारू नका. कोणाला, कोणी, कसं पोचवलं; किती जण पहिल्या मीटिंगला गेले आणि किती दुसऱ्या; ही रकान्यांची नोंद आधी करा. क्षेत्रकार्याला जाणार असाल तर लक्षात ठेवा: खुल्या मीटिंगला कोणीही बसू शकतं, बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारूची समस्या आहे त्यांच्यासाठी असते. अनामिकता हा तिथला पायाच आहे. नावं टिपायची वही बाहेर ठेवूनच आत जा.