काळ्या बिअरमधली कॉफी

स्टाउट या काळ्या बिअरमध्ये कॉफी घालतात म्हटलं की ही हल्लीची टूम आहे असं अनेकांना वाटतं. त्यांनी कॉफीचा दाणाही न पडलेल्या एखाद्या चांगल्या स्टाउटचा नुसता वास घ्यावा. कॉफी तिथे आधीच हजर असते. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट, म्हणजे मोड आणलेले जव, काळं होईपर्यंत भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. ते पिंप कॉफी भाजायच्या यंत्रासारखंच होतं. जव काय किंवा कॉफी काय, कडक आचेवर त्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि पायराझिनसारखी तीच खमंग द्रव्यं तयार होतात. या दोघांचं नातं भट्टीतलं आहे.

म्हणून कॉफी स्टाउट पिताना मी एक जागा शोधतो: भाजक्या जवाची कॉफी जिथे संपते आणि चिकमगळूरच्या मळ्यांतली जिथे सुरू होते, ती.

बेंगळुरूत ती शोधण्यात विशेष मजा आहे. २०१०-११च्या सुमारास इथे लॅव्हेल रोडचा ‘बिअर क्लब’, इंदिरानगरचा ‘टॉइट’ अशी स्वतःची बिअर बनवणारी ठिकाणं उभी राहिली. परवान्याशिवाय घरी बिअर बनवायला इथे कायद्याची मनाई आहे, त्यामुळे अमेरिकेतले हौशी लोक घराच्या तळघरात करतात ते प्रयोग इथे पबातच करावे लागतात. आणि कॉफीचे मळे एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतात.

पेला उजेडासमोर धरावा. काळा रंग कडेला माणकासारखा लाल दिसतो. मग फेस पाहावा. कॉफीतलं तेल फेसाला मारतं, त्यामुळे बदामी फेस शेवटपर्यंत काठाला धरून राहिला, तर कॉफी जपून घातली आहे असं खुशाल समजावं. नाक जवळ नेलं की आधी ताज्या पुडीचा दरवळ येतो. घोट मात्र जवाचा असतो: कोरडा, किंचित आंबट, करपल्याच्या अगदी अलीकडे थांबलेला. घोट गिळल्यावर कॉफी परत येते, आणि या वेळी कडवटपणा मागे ठेवून येते. मला हवी असलेली जागा हीच. बर्फगार पेल्यात ती सापडत नाही. दहा-बारा अंशांवर स्टाउट बोलू लागते.

हे साधतं ते वेळ पाळल्याने. कॉफी माल्टच्या उकळत्या रसात घातली तर सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडूपणा तेवढा उरतो. म्हणून आंबण्याची क्रिया पुरी झाल्यावर, कढीला वरून फोडणी द्यावी तशी ती द्यायची. वीस लिटरला शंभर ते दीडशे ग्रॅम अख्खे दाणे एक-दोन दिवस बिअरमध्ये बुडवून ठेवले की अल्कोहोल सुगंध ओढून घेतं, आणि दाणा अख्खा असल्याने कडूपणा बराचसा आतच राहतो. दाणे मध्यम भाजलेलेच हवेत, याबाबत माझं मत ठाम आहे. काळेपणा जवाने पुरेसा दिलेला असतो. त्यावर काळीकुट्ट कॉफी म्हणजे एकाच सुरावर दोघांनी ओरडणं. माझी पसंती मॉन्सून्ड मलबारला. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारा पिऊन हे दाणे फुगतात, फिकट पिवळे होतात आणि त्यांची आम्लता उतरते. स्टाउटचा स्वतःचा आंबटपणा मग एकटाच, स्वच्छ ऐकू येतो. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातून आलेली एस ७९५ ही जात जास्त तरतरीत, पण या पेल्यात ती जवाशी भांडते.

अशी बिअर साठवू नये. काही आठवड्यांत कॉफीचा दरवळ विरतो आणि कधी कधी त्याच्या जागी चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. पिंपातून सरळ पेल्यात ओतणाऱ्या पबाला इथे बाटलीपेक्षा मोठा फायदा आहे.

एक गोष्ट मात्र या शहराने करायलाच हवी, ती म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाची, चिकोरीची, स्टाउट. इथल्या गांधी बाजारात कॉफीची पूड घेताना चिकोरी किती टक्के हे ठरवून घेतात. फिल्टर कॉफीचा दाटपणा आणि करपलेल्या गुळासारखी चव तिचीच. अमेरिकेत डॉगफिश हेड या ब्रुअरीने चिकोरी घालून स्टाउट केलेली आहे. इथे तर मिश्रण तयारच मिळतं. ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरीची पूड रात्रभर थंड पाण्यात भिजवावी, दोनदा गाळावी आणि तो अर्क शेवटच्या दिवशी पिंपात घालावा.