विजयदुर्गचे ओटे आणि हेलियमचा शोध

देवगड तालुक्यातील वाघोटन खाडीच्या मुखावर उभ्या असलेल्या विजयदुर्ग किल्ल्यात दगडी चौथरे आहेत. लोक त्यांस ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी याच ओट्यांवरून वेध घेतला व हेलियम शोधून काढले, असे वर्तमानपत्री लेखांतून व भाषणांतून सांगितले जाते. अलीकडे त्या तिथीस किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होऊ लागला आहे. हे विधान इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की ते तपासून पाहण्याची आवश्यकताच कोणास वाटेनाशी झाली आहे.

वस्तुतः १८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात नव्हते. ते लंडनमध्ये युद्धखात्यात नोकरी करीत होते, आणि सौरज्वालांच्या तेजोरेषा त्यांनी पाहिल्या त्या २० ऑक्टोबर रोजी, ग्रहण नसताना. गुंटूर येथे ग्रहण पाहिलेल्या जान्सन यांनी तीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आली.

परंतु तिथी व स्थळ दुरुस्त केल्याने विषय संपत नाही. या आख्यायिकेचा खरा दोष असा की, ती पिवळी रेषा ‘दिसणे’ म्हणजेच शोध मानते. दिसण्याचाच प्रश्न असता तर मान इतरांकडे गेला असता. त्या ग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल व गुंटूर येथे मेजर टेनंट यांनी पिवळ्या-नारिंगी भागातील तेजोरेषा पाहिली. मात्र तिचा संबंध त्यांनी सोडियमच्या सुप्रसिद्ध ‘डी’ रेषेशी जोडला. हा प्रमाद अक्षम्य म्हणता येणार नाही. सोडियमच्या दोन रेषा ५८९० व ५८९६ अँगस्ट्रॉमवर आहेत, नवी रेषा ५८७६ वर. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांत, घाईने लावलेल्या यंत्राने, एवढे अंतर निःसंदिग्धपणे पकडणे दुष्करच. लॉकियर यांना निवांतपणा होता. ज्वाला रोज पाहता येऊ लागल्यावर रेषेचे स्थान पुनःपुन्हा मोजता आले, आणि ती ‘डी’ नव्हे हे निश्चित झाले. तरीही ती कोणत्या द्रव्याची, हे पृथ्वीवर दाखविता येईना. ‘हेलियम’ हे नाव १८७१ मध्ये जाहीरपणे उच्चारले गेले; रॅम्झे यांनी क्लीव्हाइट या खनिजातून तो वायू मिळविला तो १८९५ मध्ये. मधली चोवीस वर्षे हे मूलद्रव्य केवळ एका रेषेवर उभे होते.

एकाकी रेषेचा हा धोका आजही टळलेला नाही. दूरस्थ क्वेसारांभोवतीच्या तेजस्वी वायूचा अभ्यास बहुतांशी हायड्रोजनच्या लायमन-अल्फा रेषेवर चालतो. तिची मूळ तरंगलांबी १२१६ अँगस्ट्रॉम. ताम्रसृती ३ असेल तर ती चौपट होऊन नेमकी हायड्रोजनच्याच एच-बीटा रेषेच्या जागी पडते. बोरच्या सूत्रानुसार या दोन रेषांचे गुणोत्तरच ४ आहे. तेव्हा त्या जागी एकच रेषा दिसल्यास वायू जवळचा की अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचा, हे स्थानावरून ठरत नाही. सोबतच्या रेषा शोधाव्या लागतात. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ चे कोडे सोडविले तेही अनेक रेषांमधील अंतरांचे प्रमाण जुळवूनच.

मग ओट्यांचे काय? लॉकियर विजयदुर्गास आले हे खरेच आहे. परंतु तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीस होते. त्यांच्याजवळ लोलक-कॅमेरे होते. अशा कॅमेऱ्यात फट नसते. ग्रस्त सूर्याची कोरच फटीचे काम करते, आणि प्रत्येक रेषा चापाच्या आकारात उमटते. चापाच्या लांबीवरून तो वायू सूर्यपृष्ठापासून किती उंच पसरला आहे हे वाचता येते. या यंत्रांना पक्की बैठक लागतेच; म्हणून ओटे त्या मोहिमेचे अवशेष मानणे अधिक युक्त दिसते. तोपर्यंत हेलियमच्या रेषा प्रयोगशाळेत मोजून झाल्या होत्या, त्यामुळे सूर्याच्या छायाचित्रांतील चाप त्यांच्याशी ताडून पाहणे शक्य होते. हे काम शोधाहून कमी नाट्यमय खरे, पण वर्णपटशास्त्राचे बहुतेक काम असेच असते.

आख्यायिकेच्या भरात आणखी एक नाव झाकले गेले आहे. त्याच १८९८ च्या ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी स्वतःच्या देखरेखीखाली वर्णपटाचे वेध घेतले. विजयदुर्गावर माहितीफलक लावावयाचा असेल, तर त्यावर १८६८ ऐवजी १८९८ हे वर्ष घालावे, आणि जेऊरचा निर्देशही एका ओळीत करावा.