कोच, शिल्ड आणि आरंभीची शिल्लक

माझी उंची पाच फूट तीन इंच. त्यामुळे बास्केटबॉलशी माझा आयुष्यातला एकमेव संबंध म्हणजे कॉलेजात त्या जाळीच्या खांबाला टेकवून ठेवलेली माझी सायकल. असा मी, अमेरिकेतल्या बास्केटबॉल कोचांच्या भांडणात न्यायाधीश होईन असं कोणी सांगितलं असतं, तर त्याची सही मी दोनदा पडताळून पाहिली असती.

पण 2025च्या मे महिन्यात, सकाळी सहा वाजता, मी दाढीला साबण लावलेला असताना डेट्रॉइटहून भाच्याचा फोन आला.

"मामा, अन्याय झाला!"

परदेशातला भाचा सकाळी सहाला 'अन्याय' म्हणतो तेव्हा व्हिसा, नोकरी आणि लग्न या तीन गोष्टी या क्रमाने मामाच्या डोळ्यांपुढून जातात. हिने तर गॅससुद्धा बंद केला. पण अन्याय झाला होता तो जे. बी. बिकरस्टाफ नावाच्या गृहस्थांवर. एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी उत्तम कोचला बक्षीस देतात. शंभरेक पत्रकार आणि समालोचक मतं देतात. 2024-25 सालचं बक्षीस क्लीव्हलँडच्या केनी अ‍ॅटकिन्सन यांना मिळालं आणि आमच्या भाच्याच्या डेट्रॉइटचे बिकरस्टाफ दुसरे आले.

"मामा, तुला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण हिशेब कळतो. तूच सांग."

आता बी.कॉम. झालेल्या माणसाला असं आव्हान देऊ नये. मी साबण पुसला आणि जमाखर्चाला बसलो.

प्रत्येक टीम हंगामात ब्याऐंशी सामने खेळते. 2023-24 साली डेट्रॉइटने त्यातले जिंकले चौदा. मध्ये तर सलग अठ्ठावीस हरले. आमच्या बँकेचं सर्व्हरसुद्धा अठ्ठावीस दिवस सलग बंद पडत नाही. बिकरस्टाफ आले आणि चौदाचे झाले चव्वेचाळीस. निव्वळ वाढ तीस. तिकडे क्लीव्हलँडचे होते अठ्ठेचाळीस, अ‍ॅटकिन्सन यांनी केले चौसष्ट. वाढ सोळा. टक्केवारी काढण्याचीही गरज नव्हती.

पण खरी गंमत पुढे आहे. क्लीव्हलँडचे ते अठ्ठेचाळीस कोणी केले होते? याच बिकरस्टाफ यांनी! 2020-21 साली ही टीम बावीस सामने जिंकत होती. (त्या वर्षी सामने बहात्तरच होते, हे ऑडिटरसाठी.) तिथून त्यांनी ती चव्वेचाळीस, एक्कावन्न अशी वर आणली आणि 2024च्या मे महिन्यात त्यांना नारळ मिळाला. म्हणजे मुदत ठेव ठेवली एकाने आणि मॅच्युरिटीला सही करून पैसे उचलले दुसऱ्याने.

"म्हणजे त्याला काढलं आणि दोन्हीकडे भलं झालं," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग ज्याने काढलं त्यालाच द्या की बक्षीस!"

हा मुद्दा शंभर पत्रकारांपैकी एकालाही सुचला नसावा.

तरी न्यायाधीशाने दुसरी बाजू ऐकली पाहिजे. अ‍ॅटकिन्सन यांना जवळजवळ तेच खेळाडू मिळाले होते. त्यांनी खेळ वेगवान केला, मोबली या पोराच्या हातात चेंडू जास्त दिला, मिशेल या हुकमी खेळाडूला विश्रांती जास्त दिली आणि सुरुवातीचे पंधराच्या पंधरा सामने जिंकले. शिवाय पस्तीस टक्केवाल्याला साठवर नेणं एक आणि पंच्याऐंशीवाल्याला पंच्याण्णववर नेणं दुसरं, हे दहावीचा कोणताही क्लासवाला सांगेल. उलट डेट्रॉइटने त्या उन्हाळ्यात टोबायस हॅरिस, मलिक बीझली असे अनुभवी खेळाडू आणले होते. वाढीत काही भाग नव्या ठेवींचा होता, हे मला भाच्याला सांगावं लागलं. तो चार दिवस बोलला नाही.

आणि सगळ्यात जास्त, अडुसष्ट सामने जिंकून पुढे विजेतेपदही घेणाऱ्या ओक्लाहोमा सिटीचे मार्क डेगनॉल्ट? ते पहिल्या तिघांतही नव्हते! कारण त्यांच्याकडून ती अपेक्षाच होती. या बक्षिसाची सगळी गोम इथे आहे. ते कामगिरीला मिळत नाही, ते अंदाज चुकवण्याला मिळतं. पत्रकारांनी हंगामाआधी जितका वाईट अंदाज केला असेल तितका कोच थोर! रेड आउरबाख यांनी कोच म्हणून नऊ विजेतेपदं मिळवली, बक्षीस एकदाच. फिल जॅक्सन यांची अकरा विजेतेपदं, बक्षीस तेही एकदाच. आउरबाख यांची भरपाई म्हणून की काय, बक्षिसाच्या करंडकालाच त्यांचं नाव दिलंय. आपल्याकडे चौकाला देतात तसं.

बरं, बक्षीस मिळून खुर्ची टिकते म्हणावं, तर तेही नाही. टोरांटोच्या ड्वेन केसी यांना 2018च्या मे महिन्यात काढलं आणि जूनमध्ये सर्वोत्तम कोच म्हणून जाहीर केलं. आधी निरोपसमारंभ, मग बढतीचा हुकूम. आणि डेट्रॉइटचे ते चौदा विजयवाले कोच कोण होते ठाऊक आहे? माँटी विल्यम्स, 2022चे सर्वोत्तम कोच!

तेव्हा माझा निकाल: बक्षीस जर वाढीचं असेल तर ते बिकरस्टाफ यांचं, आणि शिखराचं असेल तर डेगनॉल्ट यांचं. अ‍ॅटकिन्सन यांनी उत्तम काम केलं, पण त्यांच्या आरंभीच्या शिलकेवर दुसऱ्याचं नाव होतं, ते कोणी वाचलं नाही.

हा निकाल मी इतक्या तावातावाने का दिला, असं हिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

आमच्या शाखेत एक मॅनेजर होते. थकीत कर्जांच्या मागे ते स्वतःच्या स्कूटरवरून पाच वर्षं हिंडले. लोकांशी भांडले नाहीत, त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायले. वसुली सुरू झाली आणि त्यांची बदली झाली. पुढच्या मार्चअखेर आमची शाखा झोनमध्ये पहिली आली. शिल्ड नव्या साहेबांनी घेतलं. टाळ्या आम्हीच वाजवल्या. मीही वाजवल्या. जोरात.

आता जुने साहेब दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात. शिल्डचं कपाट माझ्या काउंटरच्या बरोबर मागे आहे. त्यांची नजर तिकडे गेलेली मी कधी पाहिली नाही. फॉर्मवर सही करता करता ते हळूच विचारतात,

"अहो, तो सायकलदुकानवाला... हप्ते भरतो का वेळेवर?"

"भरतो, साहेब," मी म्हणतो. "संपत आलंय त्याचं."

मग ते पेनला टोपण लावतात आणि खुशीत घरी जातात.