व्हिव्हियन नापास झाली असती तर?

युजेनिक्स म्हणजे सुप्रजननशास्त्रावर वाचायला घेतलंत की 'बक विरुद्ध बेल' हा खटला समोर येतोच. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. तो कोर्टात टिकतो का, हे बघायला कॅरी बकला निवडलं. तिची आई संस्थेत, ती स्वतः संस्थेत. आणि सात महिन्यांची मुलगी व्हिव्हियन, तीही 'नॉर्मल वाटत नाही' अशी साक्ष झाली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी कायदा उचलून धरला.

यावरचा स्टीफन जे गूल्ड यांचा १९८४ चा लेख जरूर वाचा. त्यांनी व्हिव्हियनच्या शाळेतल्या नोंदी मांडल्या. मुलगी अभ्यासात ठीक होती, एकदा तर गुणवंतांच्या यादीत आली होती. आठव्या वर्षी ती वारली. म्हणजे निकालाचा पायाच खोटा!

मलाही वाटलं, संपला विषय. पण मी हे सांगितल्यावर गाईडनी एवढंच विचारलं, "आणि ती नापास झाली असती तर?"

मी गप्प. तुम्हीही जरा थांबा इथे.

गूल्ड यांचा आक्षेप तथ्याचा आहे, आणि तिथे तो पक्का आहे. पण नैतिक आक्षेप म्हणून तो वापरलात तर फसाल. 'ती हुशार होती, म्हणून अन्याय झाला' असं म्हटलं की मोजपट्टी सरकारचीच राहते. आपण फक्त माप चुकलं म्हणतो. उद्या चाचण्या सुधारल्या की हा आक्षेप गळून पडतो.

दुसऱ्या बाजूला पोप अकरावे पायस यांचं १९३० चं परिपत्रक बघा. गुन्हा नसलेल्या माणसाच्या शरीरावर राज्यसत्तेचा थेट अधिकार नाही, असा त्याचा मुद्दा. हा आक्षेप मार्कांवर अवलंबून नाही. मात्र तेच परिपत्रक संततिनियमनही निषिद्ध ठरवतं. सरकारचा हात अडवला, पण कॅरीची स्वतःची इच्छा तिथेही मोजली जात नाही. तिच्या संमतीवर उभा राहणारा युक्तिवाद यातून आयता मिळणार नाही. तो तुम्हालाच बांधावा लागेल.

म्हणून साहित्याचा आढावा लिहिताना प्रत्येक आक्षेपापुढे एक प्रश्न लिहा: समोरच्याची माहिती खरी निघाली, तरी हा आक्षेप टिकतो का?