सोडलं नेमकं कुणी? : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागणारा फोन आला की ‘सध्या प्रोजेक्टची घाई आहे’ असं सांगून मी सुटका करून घेतो. यंदा मात्र लिहायला कारण आहे. एका पुस्तकाने आमच्या घरात भांडण लावलं आणि पुढे त्याच पुस्तकाने ते थोडंफार मिटवलंही. पुस्तक सगळ्यांच्या ओळखीचं आहे, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

झालं असं, की वीस वर्षं कन्सल्टिंग करून मी कंटाळलो होतो. एम.एस. करायला दोन सूटकेस घेऊन आलेला मी, आता गराजमध्ये गाडी ठेवायला जागा नाही इतकं सामान. अशा मनःस्थितीत ‘स्मृतिचित्रे’ हाती आलं आणि मी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या प्रेमातच पडलो. पैसा हातात टिकत नाही, कुणीही दारात आलं तरी घर त्याचंच, आणि शेवटी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला निघालेले. हे मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. त्याची पालक संस्था आम्ही राहतो त्या बॉस्टनची, आणि तिचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले होते. मला तर हा योगायोग म्हणजे संकेतच वाटला! त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, ‘नोकरी सोडतो. गावी जाऊन शाळेत शिकवतो.’

बायको शांतपणे म्हणाली, ‘छान. आणि माझं काय ठरवलंयस?’

मग बरंच काही निघालं. डिपेंडंट व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती ती सात वर्षं, पुण्यात सोडून आलेली तिची नोकरी, मुलांची आजारपणं, माझे सोमवार ते गुरुवारचे दौरे. मी गप्प बसलो आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं. या वेळी टिळकांसाठी नाही, बाईंसाठी.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात दोन प्रसंग एकाला लागून एक येतात. पहिल्यात शिष्य लहान मुलांना हटकतात, येशू त्यांना जवळ घेतो आणि सांगतो की देवाचं राज्य अशांचंच आहे. लगेच पुढे एक श्रीमंत माणूस धावत येतो. सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळलेला, सज्जन. सर्व विकून गोरगरिबांना दे म्हटल्यावर तो खिन्न होऊन निघून जातो. हे दोन प्रसंग शेजारी आहेत यात मला अर्थ दिसतो. त्या माणसाकडे नुसता पैसा नाही, पाळलेल्या आज्ञांचा हिशेबही आहे. मुलाकडे दोन्ही नाही. दिलं ते घ्यायचं, एवढंच त्याला ठाऊक.

या कसोटीवर टिळक पती-पत्नींना लावून पाहा. टिळकांनी धन सोडलं यात शंका नाही. पण आपल्याकडे बालसुलभ आणि बालिश असे दोन शब्द आहेत, आणि टिळक वारंवार या दोहोंच्या सीमेवर उभे दिसतात. मनात आलं की घर सोडून निघायचं, हातचा पैसा देऊन टाकायचा, उद्या चूल कशी पेटेल ते बायको बघेल! 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याची किंमतही लक्ष्मीबाईंनी मोजली. पुढची काही वर्षं नवऱ्यापासून दूर, पंढरपुरात नातलगांच्या आधाराने काढली. धन सोडणारा थोर हे खरं, पण ते धन दोघांचं असेल तर दुसऱ्याला विचारायला नको का? टिळकांवर माझा हा आक्षेप आहे, आणि तो मी स्वतःलाही लावून घेतला आहे.

आता लक्ष्मीबाई. त्यांच्याकडे सोडायला धन नव्हतंच. पण त्यांचे वडील कसे होते आठवा. सासऱ्यांना 1857 नंतर फाशी झाली आणि या गृहस्थांचं सोवळं वेडाच्या थराला गेलं. बाहेरून आलेला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय घरात चालत नसे. अशा घरात वाढलेल्या बाईची खरी मिळकत म्हणजे तिचं सोवळं, तिची जात, ‘आपण शुद्ध’ ही खात्री. टिळकांकडे परत आल्यावरही त्या आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवतात. टिळक जबरदस्ती करत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आणि मग एका टप्प्यावर बाईंना आपणहून उमगतं की ही जात देवाने केलेली नाही. त्या सगळ्यांच्या हातचं खाऊ-पिऊ लागतात. 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतात, पण माझ्या मते त्यांचं खरं सोडणं त्याआधीच होऊन गेलं होतं.

विशेष म्हणजे हा प्रसंग सांगताना आवाज चढत नाही. एखादी बाई अंगणात बसून कालची गंमत सांगेल तशा छोट्या, बोलक्या वाक्यांत हे येतं. स्वतःच्या अज्ञानावर त्या मनापासून हसतात. छळणारा सासरा, निघून जाणारा नवरा, टोचून बोलणारे लोक, कुणालाच पुस्तकात शिक्षा होत नाही. भांडणं लपवलेली नाहीत. टिळकांशी झालेले खटके चांगले सविस्तर आहेत. फक्त शेवटी बेरीज मांडलेली नाही. ‘मी एवढं सोसलं, तेव्हा एवढं येणं आहे’ हे वाक्य मी शोधत होतो, ते सापडलं नाही. लिहितं झाल्यानंतर बाईंना हा हिशेब मांडणं किती सोपं होतं! मला या पुस्तकातली ख्रिस्ती नम्रता दिसते ती इथे. प्रवचनात नाही, निवेदनाच्या पद्धतीत.

आपण बहुतेक जण ‘स्मृतिचित्रे’ विनोदी संसारकथा म्हणून वाचतो. हल्ली स्त्रीचं धीट आत्मचरित्र म्हणूनही वाचतात. दोन्ही बरोबर आहे. पण श्रद्धेचा धागा ‘त्यांच्या धर्माचं’ म्हणून बाजूला ठेवला की पुस्तकाचा अर्धा अर्थ जातो. दारी आलेल्या पोरांना आणि बालकवी ठोमरे यांच्यासारख्या लहरी तरुण कवीला त्या घरात जी माया मिळाली, तिचं मूळ मग कळत नाही.

पुस्तकात उणीव नाही असंही नाही. पहिला भाग 1934 मध्ये आला, आणि 1936 मध्ये बाई गेल्यावर शेवटचा. ‘देवाचा दरबार’ काढताना टिळकांच्या मनात काय चाललं होतं ते या पुस्तकातून पुरेसं उलगडत नाही, आणि 1919 मध्ये टिळक गेल्यावर बाईंच्या श्रद्धेचं काय झालं हेही मला आणखी वाचायला हवं होतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे बाईंनी पूर्ण केलं. तिथे कदाचित याचं उत्तर असेल.

मी नोकरी सोडली नाही. गराज निम्मं रिकामं केलं आहे, आणि गावच्या शाळेचा विषय आता दोघांचा आहे, तारीख ठरलेली नाही. त्या सात वर्षांबद्दल मी बायकोची माफी मागितली. तिने ‘बघू’ म्हटलं. सध्या पुस्तक तिच्याकडे आहे. गंमत अशी, की ती वाचताना मधूनच टिळकांची बाजू घेते आणि मी बाईंची, आणि आमचं पुन्हा जुंपतं. तिचं झालं की पुस्तक मंडळाच्या कपाटात ठेवणार आहे. नेणाऱ्यांनी जोडीने वाचावं, ही विनंती.