प्रशस्तिवाक्यातील कर्ता

वैज्ञानिक संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांची चर्चा बहुधा नावांभोवती घोटाळत राहते. पुरस्कार कोणाला मिळाला, कोणाला मिळावयास हवा होता, कोण राहून गेला, या प्रश्नांपलीकडे ती क्वचितच जाते. पुरस्कार कशासाठी दिला हे सांगणारे जे एक वाक्य नावासोबत प्रसिद्ध होते, ते मात्र मथळा वाचावा तसे वाचून सोडून दिले जाते. वस्तुतः निवड समितीचा सारा निवाडा त्या वाक्यात साठवलेला असतो. आणि पुष्कळदा तो नामांत नसून विभक्तिप्रत्ययांत, विशेषणांत आणि गाळलेल्या सर्वनामांत असतो. अशा वाक्यास येथे प्रशस्तिवाक्य म्हटले आहे.

'प्रशस्ती' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखाच्या अखेरीस प्रशस्तिकार रविकीर्ती स्वतःचे नाव देतो आणि कालिदास-भारवींच्या पंक्तीत स्वतःस बसवूनही घेतो. स्टॉकहोमचे प्रशस्तिवाक्य निनावी असते. ते कोणी रचले हे त्यावरून कळत नाही, आणि म्हणूनच की काय, ते कोणी रचलेले आहे याचेही भान वाचकास राहत नाही.

आल्फ्रेड नोबेल यांच्या २७ नोव्हेंबर १८९५ च्या मृत्युपत्रात पदार्थविज्ञानाचे पारितोषिक कोणास द्यावे याची व्याख्या सरळ आहे: त्या क्षेत्रात सर्वांत महत्त्वाचा शोध लावणाऱ्या किंवा नवी युक्ती काढणाऱ्या व्यक्तीस. व्यक्ती एक, क्रिया एक, कर्ता उघड. प्रत्यक्षातील संशोधन इतके सुटसुटीत नसते. यास्तव मृत्युपत्राचे साधे वाक्य आणि प्रयोगशाळेतील गुंतागुंत यांचा मेळ घालण्याचे काम प्रशस्तिवाक्याच्या व्याकरणावर येऊन पडते.

१९०३ चे उदाहरण घ्यावे. त्या वर्षीच्या पदार्थविज्ञानाच्या पारितोषिकाचा अर्धा भाग आंरी बेकरेल यांना आणि उरलेला अर्धा पिएर व मारी क्यूरी यांना मिळून देण्यात आला. बेकरेल यांच्या वाक्यात 'शोध' हा शब्द आहे. क्यूरी दांपत्याच्या वाक्यात तो त्यांच्या वाट्यास येत नाही: प्राध्यापक बेकरेल यांनी शोधून काढलेल्या प्रारणांवर त्यांनी संयुक्त संशोधन केले, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्यांचा गौरव चालला आहे त्यांच्याच वाक्यात शोधाचा कर्ता म्हणून दुसऱ्याचे नाव धातुसाधित विशेषणाच्या आडून येते. पोलोनियम आणि रेडियम या मूलद्रव्यांचा तेथे उल्लेखच नाही. तो आठ वर्षांनी, १९११ च्या रसायनशास्त्राच्या पारितोषिकात येतो, आणि तेथे मारी क्यूरी एकट्या आहेत. पिएर यांचे निधन १९०६ मध्ये झाले होते. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवल्यावाचून पहिल्यातील मौन ऐकू येत नाही.

याहून बोलके प्रकरण पल्सार ताऱ्यांचे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिज येथील संशोधक विद्यार्थिनी जॉसलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या आलेखपट्टीवर एक विचित्र खूण आढळली. ती दुर्बीण उभारण्याच्या कामात त्या स्वतः राबल्या होत्या, आणि तिच्यातून रोज बाहेर पडणारा सुमारे ३० मीटर लांबीचा कागद डोळ्यांनी तपासणे हे त्यांचे नित्याचे काम होते. खूण परत परत आकाशाच्या त्याच भागातून येते हे त्यांनी ताडले. नोव्हेंबरअखेर वेगाने नोंद घेतल्यावर सुमारे १.३३ सेकंदांच्या अंतराने येणारे स्पंद स्पष्ट दिसले. फेब्रुवारी १९६८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखावर पाच नावे होती: पहिले मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांचे, दुसरे बेल यांचे. १९७४ चे पारितोषिक मार्टिन राइल आणि ह्यूइश यांना मिळाले.

त्या निवडीवर फ्रेड हॉइल यांनी जाहीर टीका केली. बेल यांनी स्वतः मात्र आपणांवर अन्याय झाला असे म्हटले नाही. हा वाद सर्वश्रुत आहे. वाक्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ह्यूइश यांना पारितोषिक पल्सारच्या शोधासाठी दिलेले नाही; पल्सारच्या शोधातील त्यांच्या निर्णायक भूमिकेसाठी दिले आहे. भूमिका म्हटली की इतर पात्रे गृहीत धरली जातात. निर्णायक म्हटले की त्या पात्रांची भूमिका निर्णायक नव्हती हेही न बोलता ठरते. समितीस बेल यांचे काम ठाऊक नव्हते असे हे वाक्य वाचून म्हणता येत नाही. उलट, हे वाक्य त्या कामाला वळसा घालून जाते, आणि वळसा घालण्यासाठी अडथळा दिसलेला असावा लागतो.

२०१८ साली बेल यांना मूलभूत भौतिकीतील विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले. तीस लक्ष डॉलरची ती सर्व रक्कम त्यांनी संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. त्या पारितोषिकाचे वाक्यही पल्सारच्या शोधातील मूलभूत योगदानाचाच गौरव करते. एका वाक्यात भूमिका, दुसऱ्यात योगदान. अर्धशतक लोटल्यावरही पल्सारचा शोध कोणी लावला असे या दोहोंपैकी कोणतेही प्रशस्तिवाक्य म्हणावयास तयार नाही. याउलट १९९३ ची गोष्ट. रसेल हल्स आणि त्यांचे मार्गदर्शक जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये एक नव्या प्रकारचा पल्सार शोधला. हल्स तेव्हा विद्यार्थीच होते. त्या वाक्यात 'शोध' निःसंकोच आहे, आणि तो दोघांचा आहे.

मराठीत या प्रश्नाला एक वेगळेच वळण मिळते. आपल्याकडे शोध 'लागतो' आणि शोध 'लावला'ही जातो. 'लागणे'च्या प्रयोगात माणूस चतुर्थीत उभा असतो: बेल यांना शोध लागला. 'लावणे'च्या प्रयोगात तो तृतीयेत येतो: ह्यूइश यांनी शोध लावला. आग लागली आणि आग लावली यांतील फरक पोलीस ठाण्यात जितक्या गांभीर्याने पाहिला जातो, तितक्या गांभीर्याने तो विज्ञानविषयक मराठी लेखनात पाहिला जात नाही. दोन क्रियापदे हाताशी असल्यामुळे १९७४ चा पेच सुटला, असा मोह भाषाभ्यासकास होण्याजोगा आहे: एकीला लागला, दुसऱ्याने लावला. पण ही वाटणी फसवी होय. चतुर्थीतील माणसास भूक लागते, ठेच लागते. तो त्या घटनेचा धनी असतो, कर्ता नव्हे. आलेखावरील खुणेला आकाशातील ठरावीक जागेशी जोडणे, कृत्रिम व्यत्ययाची शक्यता एकेक करून बाद करणे, पुढे दुसरा तसाच स्रोत जुन्या कागदांतून शोधून काढणे, ही ठेच लागण्याची क्रिया खास नव्हे. मराठीने येथे बेल यांना चतुर्थीत बसवले तर स्टॉकहोमने जे 'भूमिके'ने साधले तेच मराठी प्रत्ययाने साधेल.

आदरार्थी अनेकवचनाचाही असाच एक परिणाम होतो. १९६८ चे वैद्यकशास्त्राचे पारितोषिक हरगोविंद खोराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना एकत्र मिळाले. तिघांच्या प्रयोगशाळा वेगळ्या, पद्धती वेगळ्या. प्रशस्तिवाक्य मात्र एकच, आणि त्यातील सर्वनाम बहुवचनी. मराठीत 'खोराना यांना त्यांच्या जनुकीय संकेताच्या उलगड्याबद्दल' असे लिहिले की 'त्यांच्या' हे एकट्या खोरानांचे होते. भाषांतर चुकलेले नसते, तरी दोन माणसे वाक्यातून निघून गेलेली असतात. सौजन्याने घडलेला हा अन्याय कोणाच्या ध्यानातही येत नाही.

समूहाच्या संशोधनात अडचण आणखी वाढते. २०१३ साली आंग्लेर आणि हिग्ज यांना दिलेल्या पारितोषिकाच्या वाक्यात सिद्धान्ताची पुष्टी ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांकडून झाल्याचे नमूद आहे. त्या प्रयोगांत प्रत्येकी हजारो माणसे होती. वाक्यात प्रयोगच कर्ता झाला. मराठीत 'प्रयोगांनी' म्हणावे तर तृतीया कर्त्याची की करणाची हे सांगता येत नाही. 'प्रयोगांद्वारे' म्हणावे तर माणसांचे साधनच होऊन जाते. भारत सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत समूहासाठी 'विज्ञान टीम' हा स्वतंत्र वर्ग ठेवला, आणि २०२४ मध्ये त्यातील पहिला पुरस्कार चांद्रयान-३ च्या चमूस मिळाला. तीन नावांच्या मर्यादेपेक्षा ही व्यवस्था निश्चित अधिक प्रामाणिक आहे. कर्ता सापडला, हे खरे. पण तो समूहवाचक नाम होऊन सापडला.

१९४४ चे, म्हणजे १९४५ मध्ये जाहीर झालेले, रसायनशास्त्राचे पारितोषिक एकट्या ऑटो हान यांना जड अणुकेंद्रांच्या विखंडनाच्या शोधासाठी मिळाले. लिझे माइटनर यांना वगळले जाणे हा बहुचर्चित विषय आहे. इंग्रजी वाक्यात विखंडनासाठी जो शब्द आहे तो माइटनर यांचे भाचे व सहकारी ऑटो फ्रिश यांनी पेशीविभाजनाच्या परिभाषेतून उचलला होता, आणि १९३९ च्या आरंभी माइटनर-फ्रिश यांच्या संयुक्त टिपणातून तो रूढ झाला. वाक्यात नाव एकाचे आणि नाम दुसऱ्यांचे, असा हा प्रकार.

उरतो तो रामन यांचा १९३० चा पाठ. तो दोन भागांत आहे. प्रकाशाच्या विकिरणावरील 'त्यांच्या' कार्याबद्दल, हा पहिला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामाच्या शोधाबद्दल, हा दुसरा. इंग्रजी पाठात पहिल्या भागात 'कार्या'मागे षष्ठीचे सर्वनाम आहे, दुसऱ्या भागात 'शोधा'मागे ते नाही. परिणामाला नाव कोणाचे मिळाले एवढेच तेथे सांगितले आहे. ही योजना हेतुपूर्वक होती असे केवळ पाठावरून ठरविता येत नाही. एवढे मात्र खरे की ३१ मार्च १९२८ च्या 'नेचर'मधील टिपणावर रामन यांच्यासह के. एस. कृष्णन यांचेही नाव होते. मराठीत या वाक्याचा अनुवाद 'त्यांनी लावलेल्या शोधाबद्दल' असा सहज केला जातो, आणि मूळ पाठाने मोकळी सोडलेली जागा अनुवादक भरून टाकतो. 'परिणामाचा शोध' एवढेच ठेवले तर वाक्य थोडे अवघडते खरे, पण ते अवघडलेपण मूळचेच आहे. १९५८ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक प्रथमच देण्यात आले, त्याचे पहिले मानकरी कृष्णन होते.