कास पठाराचे छायाचित्रण : दृश्य आणि निसर्गज्ञान

सह्याद्रीतील निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणाने डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात तांत्रिक सफाई मिळवली असली, तरी ज्या भूभागाचे चित्र घेतले त्याविषयी पाहणाऱ्याला काही शिकवण्याचे त्याचे सामर्थ्य त्या प्रमाणात वाढलेले नाही. साताऱ्याजवळचे कास पठार हा याचा ठळक दाखला होय. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या या पठाराची बहुतेक छायाचित्रे पावसाळा सरतानाच्या काही आठवड्यांतली असतात, आणि त्यांची रचनाही ठरून गेलेली आहे. टेलिफोटो, म्हणजे दूरचे दृश्य जवळ आणणारे भिंग, मागचीपुढची अंतरे आखडून घेते. त्यामुळे विरळ उगवलेला तेरडाही सलग गुलाबी गालिचा भासतो, आणि फुलांमधला उघडा कातळ, साचलेले पाणी व गवताचे पट्टे चौकटीतून गळतात.

पठाराचे मर्म मात्र या गळलेल्या भागातच आहे. दीर्घकाळच्या पावसाने विरघळणारे घटक वाहून गेल्यावर लोह आणि ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा जो खडक उरतो, तो जांभा. त्याच्यावरची माती उथळ व निकस असते, पावसाळ्यात ती पाण्याने भरून जाते आणि पुढे उन्हाळ्यात पार करपते. अशा जमिनीत सीतेची आसवे ही मुळे नसलेली कीटकभक्षी वनस्पती ओल्या मातीतील सूक्ष्म फुग्यांनी पाण्यातले बारीक जीव आत ओढून घेते आणि मातीत न मिळणारे पोषण मिळवते. तिचे निळेजांभळे ताटवे असंख्य चित्रांत दिसतात, पण त्यांचे कारण असलेला फुगा दिसत नाही, कारण तो दाखवायचा तर रोप उपटावे लागेल. म्हणूनच येथे छायाचित्राने आपली मर्यादा ओळखून नेमक्या टिपेची जोड घेणे भाग आहे.

दुसरी उणीव माणसाच्या आणि गुराढोरांच्या वावराविषयी आहे. 'अस्पर्श' निसर्गाच्या ओढीने छायाचित्रकार गुरे चौकटीबाहेर ठेवतात, परंतु चराईने उंच गवत आटोक्यात राहिले तरच ठेंगण्या फुलझाडांना ऊन मिळते. गर्दी आवरण्यासाठी घातलेले जाळीचे कुंपण पुढे काढावे लागले, त्यामागे चराई थांबल्याची ही तक्रारही होती.

पुनर्छायाचित्रण, म्हणजे ठरावीक जागेवरून तीच चौकट मे, जुलै, सप्टेंबर आणि जानेवारीत टिपणे, हा यावरचा साधा उपाय असून त्यातून कातळ, पाणी, फूल आणि वाळलेले गवत यांचा क्रम आपोआप उलगडतो. त्यासाठी महागड्या भिंगापेक्षा वर्षभराचा संयम लागतो. फुलांच्या हंगामातच भरणाऱ्या स्पर्धा त्याला उत्तेजन देत नाहीत. हे बदलत नाही तोवर ही चित्रे कासची ओळख पटवतील, त्याची माहिती देणार नाहीत.